अडचणीचं श्रेय कोणाचं?

किर्लोस्करवाडी स्टेशन जवळ आलं की मामांना गप्प बसवत नाही. गाडी पुण्याहून कोल्हापूरकडे निघालेली, डब्यात लग्नाला चाललेली घरची माणसं आणि समोरच्या बाकावर भाची. मामांची शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत फौंड्री आहे. पंपांची आणि ट्रॅक्टरच्या सुट्या भागांची कास्टिंगं तिथं ओतली जातात. भाची पुण्यात एका बँकेत लघुउद्योगांच्या कर्जप्रकरणांची छाननी करते. एकाचं आयुष्य कर्ज काढण्यात आणि फेडण्यात गेलं, दुसरीचं काम कर्ज कोणाला द्यायचं नाही हे ठरवण्याचं. अडचण या विषयावर दोघांचं जमणं अवघडच होतं.

"हे कुंडल रोड स्टेशन होतं पूर्वी," मामा खिडकीकडे बोट दाखवत म्हणाले. "32 एकर माळरान. निवडुंग आणि साप, दुसरं काही नाही. लक्ष्मणराव किर्लोस्कर काही हौसेनं आले नव्हते इथं. बेळगावच्या नगरपालिकेला वस्ती वाढवायला जागा पाहिजे होती, म्हणून कारखाना हलवावा लागला. तिथंच राहिले असते तर बेळगावात एक बऱ्यापैकी वर्कशॉप झालं असतं, बास. उठावं लागलं म्हणून हे गाव उभं राहिलं, बघ."

मामांच्या म्हणण्याला लक्ष्मणरावांचं सबंध आयुष्य साक्ष देतं. 1869 साली गुर्लहोसूरला जन्मलेला हा मुलगा चित्रकार व्हायला मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये गेला. तिथं कळलं की त्याला काही रंगांमधला फरक नीट ओळखता येत नाही. रंग सुटले, पण रेषा हातात होती. तो यांत्रिक रेखाटनाकडे वळला आणि व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवू लागला. तिथं हक्काची बढती एका अँग्लो-इंडियन माणसाला मिळाली, तेव्हा नोकरी सोडून तो बेळगावला परतला. बेळगावात भावाबरोबर सायकलींचं दुकान होतं. त्यातून पुढे कडबा कापण्याची यंत्रं आणि मग 1903 साली लोखंडी नांगर. शेतकऱ्यांची समजूत अशी की लोखंडानं जमिनीत विष भिनतं. पहिला नांगर विकला जायला दोन वर्षं लागली.

"दोन वर्षं!" मामा म्हणाले. "आजची पोरं दोन महिन्यांत दुकान बंद करतात."

भाचीनं ऐकून घेतलं. मग शांतपणे विचारलं, "मामा, ती दोन वर्षं घर कशावर चाललं?"

मामा थांबले.

"कडब्याच्या यंत्रांवर," तीच म्हणाली. "ती विकली जात होती, म्हणून नांगराची वाट बघता आली. आणि बेळगावातून उठल्यावर काय झालं तेही सांगा की. औंध संस्थानचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी सभामंडप बांधायचं काम दिलं, 10,000 रुपये कर्ज दिलं, हे माळरान दिलं. 10 मार्च 1910 ला किर्लोस्करवाडीची सुरुवात झाली ती त्या जमिनीवर आणि त्या पैशावर. कुठल्याही शहराची वाढ होताना अशी कितीतरी दुकानं उठतात. त्यांच्या मालकांना कोणी राजा भेटत नाही. त्यांच्या नावाचं स्टेशन दाखवा मला."

"अगं, पण राजानं यांनाच का दिलं? काम बघूनच ना?"

"काम चांगलं होतंच. मी फक्त एवढंच म्हणते की श्रेय अडचणीला देऊ नका. अडचणीनं उठवलं आणि औंधनं बसवलं."

पहिल्या महायुद्धात लोखंड मिळेनासं झालं तेव्हा कोल्हापूरच्या छत्रपतींकडून जुन्या तोफा आणून नांगरांसाठी वितळवल्या, ही मामांची आवडती हकिकत. ती त्यांनी लगेच पुढे केली. भाचीनं एवढंच विचारलं, "तोफा दिल्या कोणी?" शेजारच्या बाकावरचे दोघे हसले.

यशस्वी उद्योजकांची चरित्रं मराठी घरांत आवडीनं वाचली जातात आणि त्यातला संकटाचा अध्याय सगळ्यात जास्त लक्षात राहतो. त्याच पानांवर कोणीतरी उधारी वाढवून दिलेली असते, कोणीतरी जागा दिलेली असते, भाऊ घरचा खर्च बघत असतो. ती वाक्यं वाचकाच्या नजरेतून सुटतात. भाचीचा आक्षेप या सुटलेल्या वाक्यांबद्दल होता आणि तो रास्त होता. पण मामांकडे स्वतःची एक गोष्ट होती, आणि ती अशी सहज बाजूला सारता येण्याजोगी नव्हती.

फौंड्री नवीन असताना पंपाच्या बॉडीचा एक सबंध लॉट परत आला होता. वरून कास्टिंग गुळगुळीत, पण गिऱ्हाइकाकडे मशिनिंगला लावल्यावर आत भोकं निघाली. फौंड्रीवाले त्यांना ब्लोहोल म्हणतात. साच्याच्या वाळूत ओलावा जास्त झाला की तापलेल्या रसामुळे त्याची वाफ होते, ती बाहेर पडायला वाट मिळाली नाही की धातूतच अडकते. मामांच्या कारखान्यात तोवर वाळूचा ओलावा मुठीत दाबून ओळखायची पद्धत होती. अनुभवी मोल्डर मूठ दाबायचा, ढेकूळ मोडून बघायचा आणि मान हलवायचा. पावसाळ्यात त्याच मुठीनं दगा दिला.

"पहिले आठ दिवस मी सगळ्यांना शिव्या घातल्या," मामा म्हणाले. "वाळूवाल्याला, मोल्डरला, गिऱ्हाइकाला सुद्धा. नंतर एका रात्री परत आलेलं एक कास्टिंग कापून बघितलं. भोकं सगळी एकाच बाजूला होती. तेव्हा पहिल्यांदा डोकं चालायला लागलं. मग ओलावा मोजायचं यंत्र आणलं, वाळू तपासायची लहान लॅब टाकली, प्रत्येक पाळीला नोंद ठेवायला सुरुवात केली. आज माझं रिजेक्शन एवढं कमी आहे ते त्या लॉटमुळं. माल परत आला नसता तर मी अजून मूठच दाबत बसलो असतो."

यावर भाची वाद घालेल असं वाटलं होतं. तिनं घातला नाही. "हे मला पटतं," ती म्हणाली. "तुम्ही कास्टिंग कापून बघितलंत. माझ्याकडे येणारे निम्मे लोक कापून बघतच नाहीत. धंदा का बसला विचारलं की बाजार वाईट, कामगार वाईट, सरकार वाईट. त्यांनी काय बदललं, असं विचारलं की उत्तर नसतं." थोडं थांबून तिनं पुढचा प्रश्न टाकला. "पण त्या लॉटचे पैसे बुडाले, तेव्हा पुढच्या ओतकामाला लोखंड कुठून आणलंत?"

मामांना आठवायला वेळ लागला नाही. "भंगारवाल्यानं थांबून घेतलं. म्हणाला, जमेल तसे द्या."

"म्हणजे तुमच्या लॅबमध्ये त्याचा वाटा आहे."

"आहे," मामा म्हणाले. एवढ्या प्रवासात त्यांनी मान्य केलेली ही पहिली गोष्ट.

इथून पुढे वादाला वेगळं वळण लागलं. अडचण चांगली की वाईट हा प्रश्न मागे पडला. अडचणीतून शिकायला माणसाला काय लागतं, यावर दोघं बोलू लागले.

मामांनी लिज्जत पापडाचं उदाहरण काढलं. 15 मार्च 1959 ला गिरगावातल्या एका इमारतीच्या गच्चीवर सात बायकांनी 80 रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. पैसे दिले होते छगनलाल करमशी पारेख यांनी. पहिल्याच वर्षी पावसाळ्यात उन्हाअभावी पापड वाळेनात आणि चार महिने काम बंद ठेवावं लागलं. दुसऱ्या वर्षी त्यांनी एक खाट आणि एक स्टोव्ह विकत घेतला. खाटेवर पापड, खाली स्टोव्ह. पावसातही काम चालू राहिलं. एवढ्या साध्या युक्तीवर बारमाही धंदा उभा राहिला.

"चार महिने घरी बसावं लागलं म्हणून खाट सुचली," मामा म्हणाले. "आणि त्यांचा नियम माहीत आहे ना? तोटा झाला तरी कोणाकडून देणगी घ्यायची नाही."

"माहीत आहे. म्हणून तर लिज्जत मला आवडते," भाची म्हणाली. "पण पुढचंही बघा. 1966 मध्ये संस्था नोंदवली गेली, खादी ग्रामोद्योग आयोगानं तिला ग्रामोद्योग म्हणून मान्यता दिली, खेळतं भांडवल म्हणून आठ लाखांचं कर्ज मिळालं, करात सवलत मिळाली. देणगी नको हा त्यांचा बाणा होता, पण भांडवलाला त्यांनी नाही म्हटलं नाही. स्वाभिमानाच्या नावाखाली मदत नाकारून बुडालेले लोक मी बघते, मामा. त्यांना वाटतं एकट्यानं सोसलं म्हणजे आपण मोठे."

लिज्जतच्या उदाहरणात आणखी एक गोष्ट आहे, जी दोघांच्याही बोलण्यात आली नाही. पहिल्या वर्षीचे ते चार महिने त्या बायकांना परवडले, कारण धंदा लहान होता आणि डोक्यावर मोठं कर्ज नव्हतं. तीच अडचण मोठी यंत्रं घेतल्यावर आली असती, तर हप्ते पावसासाठी थांबले नसते. पहिली ठेच लहान असताना लागणं, हे नशीब फार कमी उद्योगांना मिळतं. जे सुरुवातीलाच मोठी जागा, मोठी यंत्रं आणि मोठा कर्मचारीवर्ग घेऊन बसतात, ते हा फायदा स्वतःच्या हातानं घालवतात.

भाचीनं मोबाइल काढला. तिला आकड्यांशिवाय बोलणं आवडत नाही. हार्वर्डचे पॉल गॉम्पर्स, जॉश लर्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2010 साली प्रसिद्ध केलेला एक अभ्यास तिनं सांगितला. व्हेंचर कॅपिटल मिळालेल्या अमेरिकी संस्थापकांचा तो अभ्यास. आधी एकदा यशस्वी झालेल्या माणसाला पुढच्या कंपनीत यश मिळण्याची शक्यता सुमारे 30 टक्के. आधी अपयशी ठरलेल्याची आणि पहिल्यांदाच उतरणाऱ्याची, दोघांचीही, साधारण 20 ते 22 टक्क्यांच्या घरात. "अपयश हाच मोठा गुरू असता," ती म्हणाली, "तर पडलेला माणूस नवख्याच्या खूप पुढे असायला हवा होता. तो जेमतेम बरोबरीत आहे."

मामांना हा आकडा खटकला. पण न्यायाची गोष्ट अशी की उलट बाजूचा अभ्यासही तिनं लपवला नाही. 2019 मध्ये 'नेचर कम्युनिकेशन्स' या नियतकालिकात अमेरिकेतल्या तरुण शास्त्रज्ञांवरचा एक शोधनिबंध आला. सरकारी आरोग्य संस्थेचं संशोधन अनुदान काहींना अगदी थोडक्यात मिळालं होतं, काहींचं अगदी थोडक्यात हुकलं होतं. दोन्ही गट गुणवत्तेनं जवळपास सारखे. दहा वर्षांनी पाहिलं तर हुकलेल्यांपैकी जे टिकून राहिले, त्यांचं काम मिळालेल्यांपेक्षा सरस ठरलं होतं. कमकुवत लोक गळून गेले म्हणून असं दिसतं का, हेही संशोधकांनी तपासलं. तेवढ्यानं सगळा फरक स्पष्ट होत नव्हता.

"हे बघ!" मामा सावरून बसले. "म्हणजे ठोकर लागल्यावर माणूस खरंच सुधारतो."

"सुधारतो. पण त्याच निबंधात आहे, एकदा हुकल्यामुळं त्या अनुदान व्यवस्थेतून कायमचं बाहेर पडण्याची शक्यता दहा टक्क्यांहून जास्त वाढली. ते सगळे हुशार होते, मामा. गेले ते गेले."

शास्त्रज्ञांचा नियम उद्योजकांना जसाच्या तसा लावता येणार नाही. तरी या एका निबंधात मामा आणि भाची दोघंही खरे ठरतात. टिकलेल्याला अडचण घडवते. आणि घडण्याच्या लायकीचे कित्येक जण टिकतच नाहीत.

मग विषय नाशिकच्या द्राक्षांवर गेला. 2010 च्या हंगामात युरोपला गेलेल्या भारतीय द्राक्षांमध्ये क्लोरमेक्वाट क्लोराइडचे अंश सापडले. बागायतदार या औषधाला लिहोसिन म्हणून ओळखतात. वेलीची फाजील वाढ रोखायला ते वापरलं जातं. निर्यातीपूर्वी ज्या रसायनांची तपासणी व्हायची, त्या यादीत ते नव्हतं. त्यामुळे इथून माल प्रमाणपत्र घेऊन निघाला आणि तिथं पोचल्यावर अडकला. नाशवंत माल, हजारो किलोमीटर दूर, आणि परत आणण्यात अर्थ नाही. निर्यातदार आणि बागायतदार दोघंही भरडले गेले.

विलास शिंदे तेव्हा द्राक्ष निर्यातीत होते. पुढच्याच काळात त्यांनी बागायतदारांना बरोबर घेऊन सह्याद्री फार्मर्स प्रोड्यूसर कंपनी उभी केली. दिंडोरी तालुक्यातल्या मोहाडीला पॅकहाउस, शीतगृहं, प्रक्रिया उद्योग आले. बागेत काय फवारलं जातं इथपासून परदेशातल्या दुकानात माल कसा पोचतो इथपर्यंतची साखळी शेतकऱ्यांच्या कंपनीनं आपल्या हातात घ्यायची, हा त्यामागचा विचार. 2022 मध्ये युरोपीय गुंतवणूकदारांनी सह्याद्रीत 310 कोटी रुपये गुंतवले. ज्या खंडात माल अडकला होता, तिथूनच भांडवल आलं.

मामांनी ही गोष्ट अभिमानानं सांगितली, आणि भाचीलाही ती आवडते. तिनं फक्त एक भर घातली. "2010 चा फटका प्रत्येक शेतकऱ्यानं एकेकट्यानं सोसला. त्यातल्या अनेकांना त्यातून काय शिकायचं हेसुद्धा कळायचा मार्ग नव्हता. एका शेतकऱ्याला स्वतःची प्रयोगशाळा कशी परवडणार? एकत्र आल्यावर ती परवडली. शिकण्यालाही खर्च येतो, मामा."

ही बाब उद्योजकतेवरच्या भाषणांत सहसा येत नाही. कास्टिंग कापून बघायला एक कास्टिंग वाया घालवावं लागतं, ओलावा मोजायला यंत्र लागतं, खाटेला आणि स्टोव्हला पैसे लागतात, द्राक्षातलं रसायन शोधायला लॅब लागते. अडचण आल्यावर ज्याच्याकडे एवढीही गंगाजळी उरत नाही, त्याला संकटातून संधी शोधायला सांगणं ही क्रूरता आहे.

मिरज आलं, चहा आला. भाचीनं मुद्द्याचा प्रश्न विचारला. "मामा, अशी एक अडचण सांगा जिच्यातून तुम्ही काहीही शिकला नाहीत."

मामांनी क्षणभरही विचार केला नाही. "थकलेली बिलं."

माल गेला, मंजूर झाला, गिऱ्हाइकाच्या यंत्रात बसून विकलाही गेला, आणि पैसे शंभर-शंभर दिवस येत नाहीत. या काळात कॅश क्रेडिट (सीसी) खात्यावर व्याज चालू. जीएसटी आधीच भरलेला. कामगारांचा पगार सात तारखेला द्यायचाच. मालात दोष नाही, त्यामुळे सुधारायला काही नाही. "ब्लोहोलनं मला शहाणं केलं," मामा म्हणाले, "थकलेल्या बिलांनी नुसतं म्हातारं केलं."

कायदा याबाबतीत लहान उद्योगांच्या बाजूनं आहे. 2006 च्या सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग विकास कायद्यानुसार सूक्ष्म किंवा लघु पुरवठादाराचे पैसे लेखी करार नसेल तर 15 दिवसांत आणि करार असला तरी जास्तीत जास्त 45 दिवसांत द्यावे लागतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दरानं, महिन्यागणिक चक्रवाढ व्याज लागतं. 2023 च्या वित्त कायद्यानं प्राप्तिकर कायद्याच्या 43 बी कलमात (एच) हा नवीन खंड घातला. 1 एप्रिल 2024 पासून तो लागू झाला. मुदतीत न दिलेली अशी रक्कम खरेदीदाराला ती प्रत्यक्ष चुकती केली त्या वर्षीच्याच खर्चात दाखवता येते. तक्रारीसाठी समाधान नावाची ऑनलाइन सोय 2017 मध्ये सुरू झाली.

"तुम्ही तक्रार केलीत कधी?" भाचीनं विचारलं.

"वेडी आहेस का? पुढची ऑर्डर कोण देईल?"

"आणि तुमच्या पॅटर्नवाल्याचं बिल तुम्ही किती दिवसांत देता?"

मामांनी चहाचा कप खाली ठेवला. "कंपनीकडून आले की देतो," ते म्हणाले. मग जरा वेळानं, "त्यालाही माझ्यासारखंच होत असणार."

पॅटर्नमेकर म्हणजे साच्यासाठी लाकडी किंवा धातूचा नमुना घडवणारा कारागीर. त्याचं वर्कशॉप दोन-तीन माणसांचं. त्याच्याकडे एखादी नवी युक्ती, एखादं नवं यंत्र घ्यायची इच्छा असेलही. पण त्याचा वेळ आणि पैसा वसुलीच्या फेऱ्यांत जातो. लक्ष्मणरावांना दोन वर्षं मिळाली, मामांना भंगारवाल्यानं काही महिने दिले. पॅटर्नवाल्याला त्याचे स्वतःचे, कमावलेले पैसे वेळेवर मिळाले, तरी त्याच्या वाट्याला आलेल्या खऱ्या अडचणींशी झुंजायला तो मोकळा होईल. तरुणांनी अडचणींना भिडावं असं ज्यांना मनापासून वाटतं, अशा प्रत्येक मोठ्या उद्योजकानं आणि प्रत्येक कंपनीच्या हिशेब विभागानं आधी आपल्या टेबलावरचा गठ्ठा बघावा. त्यात लहान पुरवठादाराचं मंजूर झालेलं बिल असेल, तर 45 दिवस संपायची वाट न बघता ते याच आठवड्यात चुकतं करावं.